घाटमाथ्यावरून घारापुरी

घारापुरीला जाणारी बहुतेक माणसं किनारा न पाहताच परत येतात. लाँचमधून उतरायचं, जेट्टीवरच्या छोट्या गाडीत बसायचं, टोप्या आणि माळांच्या दुकानांमधून शंभरावर पायऱ्या चढायच्या, महेशमूर्तीसमोर फोटो काढायचे, माकडांपासून पाण्याची बाटली वाचवायची आणि दुपारच्या लाँचनं गेटवे गाठायचं. लेणं पाहावं, डोळे भरून पाहावं. पण या बेटाची निम्मी गोष्ट खाली किनाऱ्यावर चिखलात पडली आहे, आणि मला ती वरच्या मूर्तींइतकीच मोलाची वाटते.

मी समुद्राकाठची नाही. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, धामणीच्या शेजारी आमचं लोणी आहे. पश्चिमेला भीमाशंकराच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडे माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. बाजरी, ज्वारी, हुलगे आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर अशा गावात मी वाढले. समुद्र आमच्या घरी येई तो आठवडे बाजारातून, सुकट आणि बोंबलाच्या पुडीतून. आजी ते तव्यावर परतू लागली की साऱ्या आळीला वास जाई. मीठही तिकडूनच येतं एवढं ती सांगायची. पुढे शाळेत इतिहास-भूगोल शिकवू लागले, मुलांना घेऊन जुन्नरची लेणी, नाणेघाट पुन्हा पुन्हा पाहिले, तेव्हा उमजलं की मीठ-सुकटाची ही वाट फार जुनी आहे आणि तिच्यावरून फक्त मीठच येत नव्हतं. ती वाट समुद्राला कुठे मिळते ते बघायचं म्हणून मी घारापुरीला गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे.

बेट मुंबईच्या बंदरात आहे, गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटर पूर्वेला. मुंबईतून लाँच सुटत असल्यानं लोक त्याला मुंबईतच धरतात, पण ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. मध्ये एक घळ आणि दोन बाजूंना दोन टेकड्या, पश्चिमेची आणि पूर्वेची. मोठी लेणी पश्चिमेच्या टेकडीत आहेत. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावं, तिन्ही नावांत बंदर. भरती असेल तर बेट सुमारे दहा चौरस किलोमीटर भरतं आणि ओहोटीला सोळापर्यंत जातं असं सांगतात. म्हणजे दिवसातून दोनदा पाणी मागे सरतं आणि बेटाचा बराच मोठा भाग उघडा पडतो. मला बघायचा होता तो हाच भाग.

पुळणीवर अनवाणी चालायची हौस असेल तर त्यासाठी दिवेआगर, काशीद आहेत. घारापुरीचा किनारा मुख्यतः चिखलाचा आणि तिवरांचा आहे. ओहोटीला तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून उभी असतात, त्यांच्यामध्ये निवट्या टुणटुण उड्या मारतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी बसून राहतात. खडकांवर चिकटलेली कालवं बायका लहानशा कोयत्यानं फोडून काढतात. डोंगराला वळसा घालून मोराबंदराकडे गेलं की पर्यटकांचा गलका संपतो. अंगणात जाळी वाळत असतात, होड्या उलट्या घालून त्यांना डांबर फासणं चालू असतं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात पुरातत्त्व शिकला. त्याच्याबरोबर गेले तेव्हा तो पाण्याच्या रेषेपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाई, इथं बघा. काही उचलू नका, नुसतं बघा.” लाल खापऱ्या, विटांचे तुकडे, शंख-शिंपल्यांचा चुरा, मध्येच नव्या कौलाचा तुकडा. आधी सगळं सारखंच दिसलं. मग त्यानं बोटानं दाखवला तो एका भांड्याच्या कानाचा तुकडा. मनगटाइतका जाड, आपल्याकडच्या कुठल्याच मडक्याला असा कान नसतो. घागर कमरेवर घ्यायची असते, डोक्यावर घ्यायची असते, तिला काठ लागतो, कान लागत नाही. ज्या भांड्याला असे दोन कान, लांब मान आणि खाली टोकदार बूड असतं, ते जमिनीवर ठेवण्यासाठी केलेलंच नसतं. जहाजाच्या पोटात वाळूत किंवा गवतात टोक रुतवून, एकाला एक टेकवून, थरावर थर रचायचं. ग्रीक आणि रोमन लोकांचं मालवाहतुकीचं हे भांडं. पुरातत्त्वात त्याला अँफोरा म्हणतात. दारू, ऑलिव्हचं तेल, माशांची आंबवलेली चटणी हे सारं त्यात भरून भूमध्य समुद्राभोवती फिरे.

घारापुरीच्या किनाऱ्यावर, विशेषतः मोराबंदर आणि राजबंदर भागात, अशा खापऱ्या अभ्यासकांना सापडल्या आहेत. क्षत्रपांची नाणी आणि जुनी विटांची बांधकामंही मिळाली आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या किनाऱ्याची पाहणी केलेली आहे.

खापरी कुठली ते कसं ओळखतात, हे समजून घेताना मी थक्क झाले. भट्टीत भाजलेल्या मातीत त्या मुलखाची वाळू राहतेच. इटलीत नेपल्सभोवतीच्या कांपानिया भागात व्हेसुव्हियसच्या राखेची माती आहे. तिथल्या अँफोराच्या तुटलेल्या कडेला भिंग लावलं तर काळे चकचकीत कण दिसतात, ती ज्वालामुखीची वाळू. ग्रीसजवळच्या कोस बेटाच्या धाटणीचे अँफोरे वेगळेच, त्यांचे कान दुहेरी, मातीच्या दोन वळ्या एकमेकींना चिकटवल्यासारखे. कोसची दारू प्रसिद्ध होती आणि तीत समुद्राचं पाणी मिसळत असत. एका भूमध्य बेटावरच्या द्राक्षांत तिथलंच खारं पाणी घालायचं, मडक्यात भरून तोंड बंद करायचं आणि ते मडकं नाईलच्या पाण्यातून, इजिप्तच्या वाळवंटातून, तांबड्या समुद्रातून अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला लागायचं. या वाटेचा विचार करताना मी अजून थकत नाही.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रोमन म्हणून नोंदलेल्या बऱ्याच खापऱ्या नव्या तपासणीत रोमन ठरल्या नाहीत. रोबर्टा टॉम्बर या संशोधिकेनं दाखवून दिलं की त्यांतल्या कित्येक ‘टॉर्पेडो जार’ आहेत, म्हणजे इराक-इराणच्या आखाताकडून आलेल्या बिनकानी लांबट बरण्या. आतल्या अंगाला काळ्या डांबराचा लेप असतो, त्यावरून त्या ओळखू येतात. मला यात काहीच उणेपणा वाटत नाही. रोमचा व्यापार ओसरू लागला तरी आपल्या बंदरांत गलबतं येतच होती, फक्त ती दुसऱ्या दिशेनं येऊ लागली, हे त्या डांबरावरून समजतं. म्हणूनच खापरी उचलून खिशात घालू नये. कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडली ही माहिती गेली की दिवाणखान्यात फक्त मातीचा तुकडा उरतो.

गलबतं यायची ती मोसमी वाऱ्यावर. जो वारा भीमाशंकरावर पाऊस टाकतो, तोच त्यांच्या शिडात भरायचा. इजिप्तच्या मायोस होर्मोस, बेरेनिके या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघत आणि पावसाळा सरताना आपल्या किनाऱ्याला लागत. परतीला थंडीतले ईशान्येचे वारे. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं लिहिलं आहे की त्याच्या काळी एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला 120 जहाजं भारताकडे निघत. रोमचा प्लिनी तर चिडून लिहितो की भारत दर वर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो.

या व्यापाराचा सर्वांत जिवंत कागद म्हणजे पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’. इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं बंदरांचं टिपण. लिहिणाऱ्याचं नाव उरलेलं नाही, पण त्याचा स्वभाव ओळीओळीत दिसतो. कुठे खडक, कुठे भरती जोराची, कुठे काय खपतं, राजाला काय नजर करायचं. भडोचला दारू खपते, इटलीची असेल तर आधी. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच यांनाही गिऱ्हाईक आहे. बदल्यात सुती कापड, हस्तिदंत, अकीक, पिंपळी. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांत घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, हेही त्याला ठाऊक आहे. सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं त्यानं ओळीनं नोंदली आहेत.

कल्याणबद्दल तो जे लिहितो ते वाचून मी जुन्नरकडे नव्यानं पाहू लागले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे थोरल्या ‘सारागानस’च्या काळी, म्हणजे बहुधा एखाद्या सातवाहन राजा सातकर्णीच्या अमलात, कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण नंतर तिथं अडवणूक सुरू झाली आणि चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं. भडोचकडच्या राजाचं नाव तो ‘नाम्बानस’ असं काहीसं देतो. तो क्षहरात क्षत्रप नहपान, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि याच नहपानाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याचा 46 व्या वर्षाचा शिलालेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. मंडप आणि पाण्याचं टाकं त्यानं दान दिलं. परदेशी व्यापाऱ्याच्या वहीत सातवाहन आणि क्षत्रपांच्या ज्या भांडणाची कुणकुण लागते, त्या भांडणातल्या एका पक्षाची सही आमच्या शेजारच्या डोंगरावर कोरलेली आहे.

भांडणाचा शेवटही हाती आहे. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं, तेरा हजारांहून जास्त. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. त्याखाली नहपानाचा चेहरा पुसटसा दिसतो, आणि काठानं ग्रीक अक्षरं. नाशिकच्या चांदीवर ग्रीक लिपी का आली, याचं उत्तर समुद्राकडे बघितल्याशिवाय देता येत नाही.

कल्याणचा माल वर येई तो नाणेघाटानं. वैशाखऱ्याहून चढून आलं की डोंगराला पडलेल्या चिरेतून, दगडी फरसबंदीवरून माथ्यावर पोचतो. तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं परंपरा सांगते. बाजूच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख. यज्ञांची यादी आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी, गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, आणि सगळे आकडे अंकांत लिहिलेले. भारतातल्या फार जुन्या अंकांपैकी हे अंक. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावं राहिली, सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी. जकातीच्या वाटेवर राजघराण्यानं आपली अख्खी ओळ उभी करावी, यावरून ती वाट त्यांच्या लेखी काय होती ते समजतं.

माथ्यावरून जुन्नर तीसेक किलोमीटर. भारतात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत, 180 हून अधिक. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. अष्टविनायकाच्या दर्शनाला येणारी माणसं लेण्याद्रीचा गिरिजात्मज पाहतात आणि गणपती बौद्ध विहारात बसला आहे हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. या लेण्यांतले दाते बघावेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बुरुडांची, कासारांची. कुणी शेताचं उत्पन्न लावून करंजाची आणि वडाची झाडं लावायची सोय केली. त्यातच शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत तीन यवन आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनानं लेण्याच्या गाभ्याचं दार केलं. हे थेट भूमध्य समुद्राकाठून आलेले, की वायव्येकडून खाली उतरलेल्या ग्रीकांचे वंशज, यावर मतं निरनिराळी आहेत. मला भावतं ते त्यांनी दिलेलं दान. परक्या मुलखात आलेल्या माणसानं सोन्याचा कळस न देता पाण्याचं टाकं आणि जेवायची जागा द्यावी! टँकरच्या रांगेत हंडे धरून उभं राहिलेल्या गावातल्या बाईला इरिलच्या दोन टाक्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

वाट दोन्हीकडून वाहती होती, हेही सांगितलं पाहिजे. येमेनच्या दक्षिणेला सोकोत्रा नावाचं बेट आहे. तिथल्या होक गुहेत, खोल अंधारात, बेल्जियमच्या गुहाशोधकांना या शतकाच्या सुरुवातीला भिंतींवर लिहिलेलं सापडलं. दोनशेच्या आसपास लेख आणि चित्रं, त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथं नावं लिहिली आहेत, भडोचचा अमुक आला, तमुक आला. मशालीच्या उजेडात चिखलानं, कोळशानं लिहिलेली ती अक्षरं पाणी ठिबकत असतानाही टिकली. जुन्नरच्या गुहेत यवनाचं नाव आणि अरबी समुद्रापलीकडच्या गुहेत आपल्याकडच्या नावाड्याचं, हे दोन्ही लेख मुलांना मी एकाच तासाला शिकवते.

घारापुरीच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मोठ्या लेण्यात येणाऱ्या शंभरातला एखादा तिकडे वळत असेल. माझ्या समजुतीप्रमाणे या बेटाची पहिली ओळख हा स्तूपच. टेकडीवरचा स्तूप, खाली लागलेली गलबतं, आणि मालाबरोबर जा-ये करणारे भिक्षू. सोपाऱ्याला हेच दिसतं. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला. कान्हेरीला हेच, जुन्नरला हेच. बंदर, घाट आणि विहार असं हे एकत्र गुंफलेलं काम होतं.

शिवाचं मोठं लेणं त्याच्या कैक शतकांनंतरचं आहे, सहाव्या शतकातलं. कुणी खोदवलं याचा लेख नाही. पूर्वी राष्ट्रकूटांचं म्हणत, कोकणच्या मौर्यांचंही नाव घेतलं गेलं. आता पुष्कळ अभ्यासक कलचुरी राजा कृष्णराजाच्या काळाकडे बोट दाखवतात, कारण त्याची नाणी बेटावर मोठ्या संख्येनं सापडली. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीनं 634 च्या ऐहोळे लेखात शेकडो नौका घेऊन ‘पुरी’ जिंकल्याचा अभिमान मिरवला आहे, पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून. ती पुरी म्हणजेच घारापुरी असं काही जण मानतात, काही जण जंजिऱ्याजवळची राजपुरी सांगतात.

महेशमूर्तीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून मी दुसऱ्या एका शिल्पापाशी थांबते. मुख्य मूर्तीकडून लिंगाच्या गाभाऱ्याच्या बाजूला आलं की शिवपार्वतीच्या लग्नाचं कल्याणसुंदर शिल्प आहे. बरंचसं फुटलेलं. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला, मान किंचित खाली. मागून हिमवान तिला पुढे आणतो. खाली ब्रह्मदेव भटजी होऊन होमापाशी बसला आहे. आणि पार्वतीच्या बाजूला एक तरुण, डोक्यामागे चंद्रकोर, हातात पाण्याचा घट. लग्नाला कलश घेऊन उभा राहिलेला चंद्र. त्याच्या घटाचा गोल पोटाचा आकार बघा. तो आपला कुंभाराच्या चाकावरचा घट आहे, कान नसलेला. अर्ध्या तासापूर्वी चिखलात कानवाल्या भांड्याचा तुकडा पाहून आलेल्या माणसालाच हा फरक लक्षात येईल. म्हणून मी नेहमी आधी किनारा आणि मग लेणं असा क्रम सुचवते.

खडक मात्र दोन्हीकडे एकच, आमच्या डोंगराचा काळा बेसाल्ट. जुन्नरला तो हजार-बाराशे मीटरच्या डोंगरांत आहे, इथे समुद्रसपाटीला येऊन बसला आहे. जुन्नरच्या दानलेखातले करंजही बेटावर आहेत.

पोर्तुगिजांची कथा थोडक्यात सांगते, कारण ती दुःखाची आहे. 1534 मध्ये हा भाग त्यांच्या हाती गेला. गार्सिया द ओर्ता, जुआंव द कास्त्रो यांनी लेणं पाहून कौतुकानं लिहिलं. पण पुढच्या काळात मूर्तींचे हातपाय गेले ते गेलेच. त्यांच्यातलाच इतिहासकार दियोगु दु कोउतु लिहितो की दारावरचा एक लेख कोरलेला दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. राजानं तो वाचून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण कुणाला वाचता आला नाही. त्या दगडाचा पुढे पत्ता नाही. हे लेणं कुणी खोदवलं, त्याचं उत्तर कदाचित त्याच्यावर होतं. हे वाचलं की आजही जीव कळवळतो.

राजबंदराच्या उताराला दगडी हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तुटला, आणि ते तुकडे मुंबईला राणीच्या बागेत आणले. तिथेच ते पुन्हा जोडले गेले. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. मुंबईत असाल तर बेटावर जाण्याआधी त्याला भेटून घ्या.

1987 मध्ये घारापुरीची लेणी जागतिक वारशाच्या यादीत आली. बेटावरच्या माणसांच्या घरात चोवीस तास वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. जगभरची माणसं दिवसा येऊन जात आणि शेवटची लाँच सुटली की गाव अंधारात. मोराबंदरातल्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, “लेण्यांना सगले बघतान, आमाला कोन बघतंय?” मी लिहिताना हे वाक्य विसरू शकत नाही. वारसा म्हणजे वरचा खडक तेवढाच नव्हे. ज्या चिखलात त्यांच्या पिढ्या कालवं काढत आल्या, तोच चिखल दोन हजार वर्षांचा व्यापार पोटात घेऊन बसला आहे. त्याची राखण त्यांच्याकडूनच होणार, तर त्याचं श्रेय आणि मिळकतही त्यांना पोचायला हवी. किनाऱ्यावरच्या खापऱ्यांची ओळख करून देणारी, गावातल्या मुलामुलींनी चालवलेली एक फेरी का असू नये? पायऱ्यांवरच्या दुकानांइतकंच तेही पोटाचं साधन होईल.

मोराबंदराच्या बाजूनं समोर पाहिलं तर न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात. जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झालं. उत्तरेला 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू. कंटेनर आणि अँफोरा यांत तत्त्व एकच, ठरलेल्या मापाची पेटी, थरावर थर रचता येईल अशी, आतला माल कुठलाही असो. जुन्नर-आंबेगावची द्राक्षं आणि कांदा आज याच कंटेनरांत बसून परदेशी जातात. नारायणगाव-मंचरच्या शेतकऱ्यांना न्हावा-शेवा हे नाव पाठ असतं. घाट बदलला, नाणेघाटाऐवजी बोरघाट आला, पण माल त्याच खाडीत उतरतो.

ज्यांना जायचं असेल त्यांनी शक्य तर ही वाट उलगडत जावं. पहिला मुक्काम जुन्नर, शिवनेरी आणि मानमोडीतली यवनांची दानं. दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाट, रांजण आणि नागनिकेचा लेख पाहून मग ओतूरवरून माळशेज घाटानं मुरबाड आणि कल्याण. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवेवरून पहिली लाँच. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हिवाळाच बरा. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा, कारण मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि भरतीच्या वेळी पोचलात तर पाहायची गोष्ट पाण्याखाली असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल जाते, पण या बंदरात त्या दिवसांत साधारण दुपारच्या सुमारास भरती असते आणि ओहोटी सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. म्हणून दुपारच्या आसपास ओहोटी असेल असा दिवस निवडा आणि पहिल्या लाँचनं जा. पायात घट्ट बसणाऱ्या चपला घाला, कालवांच्या कडा पाय कापतात.